जुन्या व्हॅनला उघडणारं छत बसवायचंय? आधी पत्रा बघा

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्याकडे एक जुनी पॅसेंजर व्हॅन आहे, आठ सीटची, एका बाजूला सरकता दरवाजा, इंजिन अजून ठणठणीत. मागच्या सीट काढून आम्ही चौघं तिच्यात झोपतो, पण आता मुलं उंच झालीत, खाली मावत नाही, शिवाय आत कायम कमरेत वाकून वावरावं लागतं. आमच्या मॉडेलसाठी फायबरचं तयार पॉप-टॉप, म्हणजे वर उचलून उघडणारं, छत मिळतंय, सोबत चौकट, बाजूंचं कापड, छत उचलून धरणारे गॅसचे शॉक सगळं. मिस्टरांचे मित्र वेल्डिंगची कामं करतात, ते म्हणतात दोन दिवसांत कापून बसवून देतो. टपाला एवढं मोठं भोक पाडल्यावर गाडी खिळखिळी नाही ना होणार? आणि हे घरी करण्यासारखं काम आहे का?

उत्तर : तुमची शंका अगदी बरोबर आहे, ती मनात ठेवूनच पुढे जा. टपाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो, हाताने दाबला तरी दबतो, म्हणून लोकांना वाटतं हा काय ताकद देणार, कापला तर कापला. पण बहुतेक पॅसेंजर व्हॅनना ट्रकसारखी वेगळी चेसी नसते, सगळी बॉडी मिळूनच गाडी उभी असते, म्हणजे टप, टपाच्या आतून जाणारे आडवे पट्टे, दोन्ही बाजूंच्या वरच्या कडा आणि दरवाज्यांचे खांब हे सगळे एकमेकांना धरून असतात. त्यात तुमच्या गाडीत सरकत्या दरवाज्याची मोठी मोकळी जागा आधीच आहे. आता वरून पत्रा आणि त्याच्यासोबत दोन-तीन आडवे पट्टे काढले आणि त्या जागी काहीच दिलं नाही, तर एक चाक खड्ड्यात गेलं की बॉडी पिळवटणार. ते कळतं सरकत्या दरवाज्यावरून, आधी तो लागताना अडतो, मग एका कोपऱ्यात फट दिसायला लागते, आणि कधीतरी विंडस्क्रीनच्या कोपऱ्यातून तडा निघतो.

म्हणून किट बघायला गेलात की फायबरचं छत आणि कापडाचा रंग नंतर बघा, आधी स्टीलची चौकट हातात घ्या. ती चारही बाजूंनी सलग हवी, कापलेल्या भोकाच्या कडेने पूर्ण फिरणारी, आणि बाजूच्या मजबूत कडांवर बसणारी. नुसते चार पातळ अँगल स्क्रूने आवळायला दिले असतील तर ते किट घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. बनवणाऱ्याला सरळ विचारा की ही चौकट याच मॉडेलवर, याच लांबीच्या गाडीवर टेस्ट झालीये का, त्याचे कागद आहेत का, कुठला पट्टा कापायचा आणि कुठला ठेवायचा याचं ड्रॉइंग आहे का. एकाच नावाच्या व्हॅनच्या छोट्या आणि लांब अशा दोन बॉडी येतात आणि पट्ट्यांच्या जागा बदलतात. नीट काम करणारे लोक हे विचारलं की खुश होतात, उडवाउडवीची उत्तरं आली तर समजून जा.

आता जुनी गाडी म्हणून सगळ्यात मोठा मुद्दा, गंज. पैसे भरायच्या आधी टपाच्या कडेची पन्हळ बघा, म्हणजे पावसाचं पाणी जाते ती खाच. तिच्यात कंपनीने भरलेलं सीलंट वर्षानुवर्षं उन्हात राहून कडक होतं, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात, पाणी आत जातं आणि वरून रंग अगदी छान दिसत असतानाही खाली पत्र्याचा भुगा होत असतो. पातळ पट्टीने सीलंट थोडं उचलून बघा, रंगाला फोड आलेत का बघा, विंडस्क्रीनच्या वरची कडा आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्यांजवळचा पत्रा बोटाने दाबून बघा. नवी चौकट याच कडांना धरून राहणार आहे. कडाच कुजलेल्या असतील तर आधी तो पत्रा बदलून घ्या, आणि तेवढं करायची तयारी नसेल तर छताचा विचार सोडा, हे मी अगदी स्पष्ट सांगते.

मग आतलं अस्तर खाली उतरवा, तेही कापायची तारीख ठरवायच्या आधी. पॅसेंजर व्हॅनच्या टपात काय काय लपलेलं असतं हे उतरवल्याशिवाय कळत नाही, मागच्या एसीचे डक्ट, आतल्या दिव्यांची वायर, अँटेनाची केबल, काही गाड्यांत मागच्या सीटच्या बेल्टचा वरचा बोल्टसुद्धा टपातच असतो. बेल्टचा बोल्ट कापायच्या भागात येत असेल तर त्या सीटवर पुढे कोणी बसणार नाही हे ठरवूनच पुढे जा, बेल्ट दुसरीकडे अंदाजाने बोल्ट मारून लावायचा नाही. बाजूच्या कडेत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर मात्र घरी हात लावू नका, ते काम एअरबॅगचं ट्रेनिंग असलेल्या माणसाचंच.

वेल्डिंगवाल्या मित्राबद्दल. त्यांचा हात चांगला असेल, पण इथे वेल्डिंग कमी आणि मोजमाप, चिकटवणं, गंजरोधक काम जास्त आहे. बरीचशी किट बॉडीला पॉलियुरेथेनच्या बाँडिंग सीलंटने चिकटवतात आणि सोबत रिव्हेट किंवा बोल्ट असतात. हे सीलंट हवेतल्या दमटपणावर सुकतं, वेग साधारण दिवसाला तीन-चार मिलिमीटर, थंड कोरड्या हवेत त्याहून कमी. म्हणजे जाड थर असेल तर दोन दिवसांत काम उरकून तिसऱ्या दिवशी गाडी हायवेला, हे जमणारच नाही, डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्यायचा. आणि त्या जागी साधा सिलिकॉन वापरायचा नाही, त्याच्यावर रंग धरत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तर उघड्या पत्र्याला गंजवतो.

कापताना गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी हवी, जॅकवर अजिबात नाही, कारण बॉडी ज्या आकारात असेल त्याच आकारात नवी चौकट तिला धरून ठेवणार. आधी सगळे दरवाजे बंद करून प्रत्येक फटीवर मास्किंग टेप लावा, दोन्ही कडांवर पेनाने खूण करा आणि माप लिहून ठेवा, कापल्यावर आणि चौकट बसल्यावर परत मोजा. बॅटरीची वायर काढा. आत सगळीकडे जाड चादरी घाला. ग्राइंडरचा मोह टाळा, त्याच्या ठिणग्या काचेत आणि रंगात रुततात, आणि त्या लोखंडी कणांवर एका रात्रीत लाल ठिपके उठतात. जिगसॉ किंवा निबलर, म्हणजे पत्रा कुरतडत कापणारं यंत्र, बरा, हळू चालतो पण कडा स्वच्छ येते. कोपरे काटकोनात कापू नका, गोल ठेवा, नाहीतर तडा तिथूनच सुरू होतो. शेवटचा भाग कापताना आतून दोघांनी पत्रा धरून ठेवायचा, तो अचानक वाकून खाली आला तर हातावर येतो. मागच्या दाराच्या बिजागऱ्या ज्या आडव्या भागावर असतात त्याला हात लावायचा नाही, तो गेला की मागचं दार लटकलं. कापलेली कडा घासून लगेच त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमर मारा, उद्यावर टाकू नका.

घरी करण्यासारखं आहे का, तर तयारी आणि आतलं फिटिंग, अस्तर, दिवे, बेडची फळी हे जरूर घरी करा, तुमचा खर्चही वाचेल आणि गाडीही समजेल. कापणं आणि चौकट बसवणं मात्र ज्याने याआधी ही छतं बसवलीत अशा माणसाकडून करून घ्या, मित्रांना त्याच्याबरोबर उभं राहू द्या. आणि कापायच्या आधी नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा, बॉडीत बदल केल्याची परवानगी किंवा इंजिनियरचा दाखला लागतो का ते. काम झाल्यावर विचारायला गेलात आणि नाही म्हणाले तर कापलेलं छत परत जोडता येत नाही.

प्रश्न : एका बाजूने उघडणारं छत घ्यावं की सगळंच सरळ वर उचललं जाणारं? दोन्हीचे फोटो बघून डोकं फिरलंय. गाडीत आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी.

उत्तर : झोपायची सोय हवी की उभं राहायची, हे आधी ठरवा म्हणजे फोटो बघावे लागणार नाहीत. एका टोकाला बिजागरी असलेलं छत पाचरीसारखं उघडतं, भाग कमी, बिघडायला कमी, पाणीही उतारावरून वाहून जातं, पण बिजागरीच्या टोकाला झोपलेल्या माणसाच्या पायावर छत टेकतं, म्हणून डोकं नेहमी उंच बाजूला. सरळ वर जाणाऱ्या छताला चारही कोपऱ्यांत कात्रीसारख्या पट्ट्या असतात, आत सगळीकडे सारखी उंची मिळते, पण चारही बाजू सारख्याच वेगाने वर गेल्या नाहीत तर ते अडकतं, आणि कापड जास्त, वारा जास्त. बाजूला बिजागरी असलेला तिसरा प्रकारही आहे, ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात बेडफर्ड व्हॅनवर बसणारं डॉर्मोबिलचं पट्टेरी कापडाचं छत तसंच उघडायचं, गाडीच्या मधोमध उभं राहायला फार सोयीचं.

तुमच्या तिघांसाठी मी पाचरीचंच सुचवेन. बिजागरी पुढे असलेलं मिळालं तर मला ते जास्त आवडतं, कारण चालत्या गाडीत समजा मागचं कुलूप सुटलंच तरी समोरचा वारा छताच्या खाली घुसून ते मागे उलटवत नाही. बिजागरी मागे असलेली छतंही चांगल्या कंपन्या वर्षानुवर्षं बनवतायत, पण त्याला पुढे दोन स्वतंत्र कुलपं आणि एक जाड पट्टा हवा, आणि छत नीट बसलं नसेल तर गाडी चालू करताच बझर वाजणारा छोटा स्विच लावून घ्या. तो स्विच मी कुठल्याही प्रकाराला लावायलाच सांगते.

मुलगी सात वर्षांची आहे म्हणजे वर झोपू शकते, बंक-बेडच्या सुरक्षा सूचनांत सहा वर्षांखालच्या मुलांना वरच्या बेडवर झोपवू नये असं सांगतात. पण कापडाच्या भिंतीच्या भरवशावर ठेवू नका, ते कापड माणसाचं वजन पेलायला शिवलेलं नसतं. बेडच्या उघड्या कडेला जाळी लावा, आणि रात्री तिला खाली उतरायचं असेल तर अंधारात पाय कुठे ठेवायचा ते दिवसा दोन-चार वेळा करून दाखवा.

प्रश्न : छत बसवून वर्ष झालं. सकाळी उठलो की बेडच्या कडेला ओल असते, कधीकधी छतावरून थेंबही पडतात. बसवणारा म्हणतो गळत नाही, हे श्वासाचं पाणी आहे. कोण खरं?

उत्तर : दोघंही खरे असू शकता, म्हणून वाद घालण्यापेक्षा तपासून बघा. दोन माणसं बंद गाडीत रात्रभर झोपली की श्वास आणि घाम मिळून अर्धा लिटर तरी पाणी हवेत जातं, ते थंड फायबरवर आणि लोखंडी चौकटीवर जमणारच. आकाश निरभ्र असलेल्या थंड रात्रीनंतरही ओल दिसत असेल, आणि ती सगळीकडे पातळ पसरलेली असेल, तर ते दव आहे. पाऊस पडल्यावरच दिसत असेल आणि एकाच कोपऱ्यातून, एकाच शिवणीतून येत असेल तर गळती. खात्री करायला कोरड्या दिवशी आतून सगळं पुसा, एकजण टॉर्च घेऊन आत बसा आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने हळू पाणी मारायचं, खालून सुरू करून वर जायचं, प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. माझा अनुभव असा की कापडापेक्षा जास्त वेळा पाणी जुन्या पन्हळीतून किंवा चौकटीच्या बोल्टपाशी शिरतं आणि आतून वाट काढत भलतीकडेच टपकतं.

दव असेल तर उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं, थंडी वाजली तरी. कापडाची एक खिडकी वर थोडी उघडी आणि खाली दाराची काच बोटभर उघडी, म्हणजे दमट हवा वरून निघून जाते. छताला आतून पातळ फोम आणि त्यावर कापड चिकटवलं तर थेंब पडायचं बरंच कमी होतं, लोखंडी चौकट मात्र उघडी सोडू नका, तिच्यावरच जास्त पाणी जमतं.

आणि कापड ओलं असताना छत बंद करावं लागलं, तर करा, प्रवासात दुसरा इलाज नसतो, पण एक-दोन दिवसांच्या आत परत उघडून पूर्ण वाळवा. घड्यांमध्ये काळे ठिपके आले की ती बुरशी असते आणि ते डाग कापडाच्या आतपर्यंत गेलेले असतात, कितीही घासले तरी पूर्ण जात नाहीत. धुताना कपड्यांची पावडर वापरू नका, पाणी झटकणारा थर तिने निघून जातो, साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, वाळलं की कापडाच्या प्रकाराप्रमाणे वॉटरप्रूफिंगचं द्रावण मारा. नवं सुती कॅनव्हास असेल तर पहिल्यांदा मुद्दाम भिजवून वाळवतात, धागे फुगून शिवणीच्या सुयांची भोकं बुजतात, त्यामुळे पहिल्या पावसात थोडं झिरपलं म्हणून लगेच कापड खराब ठरवू नका.

प्रश्न : छत बंद करताना कापड दरवेळी बाहेर येऊन कडेत अडकतं, एका जागी आता फाटायला आलंय. काय करू?

उत्तर : बंद करायच्या आधी एक दरवाजा किंवा काच उघडा. सगळं बंद असलं की आतली हवा निघायला जागा शोधते आणि कापडाला बाहेर ढकलते, छत जडही लागतं त्यामुळेच. दुसरं, कापडाच्या मध्यावर आतून चारही बाजूंनी फिरणारी इलॅस्टिकची दोरी असते, ती सैल झाली असेल तर बदला, कापड आत ओढायचं काम तिचंच. छत अर्ध्यावर आणून थांबा, बाहेरून एक चक्कर मारून कापड आत ढकला, मग पूर्ण बंद करा आणि दोन्ही कुलपं लागल्याचा आवाज ऐका. फाटायला आलेल्या जागी आतून-बाहेरून त्याच जातीच्या कापडाचं ठिगळ शिवून त्यावर सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारं द्रावण, लावा, नुसती टेप उन्हात सुटते.

प्रश्न : छतावर सोलर पॅनल लावल्यापासून थंडीत छत वर राहत नाही, हळूहळू खाली बसतं. जास्त ताकदीचे गॅस शॉक लावू का?

उत्तर : आधी हिशोब करा. छत ४० किलोचं असेल आणि मधोमध ८ किलोचं काचेचं पॅनल बसवलं, तर शॉकना उचलायचं ओझं सरळ २० टक्क्यांनी वाढलं. शिवाय शॉकमध्ये दाबाखालचा नायट्रोजन असतो, २० अंशांवरून तापमान शून्यावर आलं की त्याचा दाब सुमारे ७ टक्क्यांनी उतरतो. जुने शॉक असतील तर सीलमधून गॅस थोडा गेलेलाही असतो, म्हणजे तिन्हीकडून मार. पॅनल बिजागरीच्या बाजूला सरकवता आलं तर तेच पहिलं करा, तिथे त्याचं ओझं शॉकना फारसं जाणवत नाही. लवचिक पातळ पॅनल दोन-तीन किलोचंच असतं, पण ते फायबरला चिकटून तापतं, म्हणून खाली हवा जायला फट ठेवा.

शॉक बदलायचे तर दोन्ही एकदम बदला, जुन्या नळीवर ताकदीचा, म्हणजे न्यूटनचा, आकडा छापलेला असतो तो बघून आणि नवीन वजन सांगूनच मागवा. अंदाजाने फार जोरदार घेतले तर छत झटक्यात वर उडतं, बंद करताना दोन माणसं लटकावी लागतात, आणि बिजागरीच्या बोल्टवर कायमचा ताण राहतो. बसवताना छत बंद असताना दांडा खाली आणि जाड नळी वर अशी ठेवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. काढलेले शॉक भंगारात टाकण्यासाठी कापू किंवा भोसकू नका, आत प्रचंड दाब असतो.

आणि नवे शॉक येईपर्यंत वर कोणी झोपणार असेल तर शॉकच्या भरवशावर राहू नका, दोन्ही बाजूंना मापात कापलेल्या लाकडी टेकणी लावा, खाली सरकू नयेत म्हणून दोन्ही टोकांना खाच घेऊन.

प्रश्न : भंगारात दुसऱ्या कंपनीच्या व्हॅनचं पॉप-टॉप छत मिळतंय, अगदी चांगल्या स्थितीत. ते आमच्या गाडीवर बसेल का?

उत्तर : नको. माझदाची बोंगो फ्रेंडी १९९५ मध्ये कंपनीतूनच बटणाने उघडणाऱ्या छतासह आली, फोक्सवॅगनसाठी वेस्टफालिया ही जर्मन कंपनी १९५१ पासून कॅम्पिंगचं सामान बनवत होती, अशा गाड्यांची छतं भंगारात बघून मोह होतो हे मला समजतं. पण त्या छताची गोलाई त्या गाडीच्या टपाची असते, आणि भोकाभोवतीची मजबुती छतात नसते, ती त्या गाडीच्या बॉडीत राहते आणि बॉडीबरोबर भंगारात जाते. तुमच्या हातात फक्त फायबर येतं. याच मॉडेलच्या, याच लांबीच्या गाडीचं छत असेल आणि कापताना चौकटीसकट कडा शाबूत काढून देणार असतील, तरच बघायला जा, आणि जाताना मोजपट्टी न्या.

प्रश्न : छत उघडं असताना आत गॅसवर चहा केला तर चालतो ना?

उत्तर : दार पूर्ण उघडं, वरच्या खिडक्या उघड्या, शेगडी कापडापासून आणि बेडच्या गादीपासून लांब, आणि समोर माणूस उभा, एवढं असेल तर पाच मिनिटांचा चहा होईल. ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपणं मात्र कधीच नाही, छत उघडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गरम हवेबरोबर तो वर चढतो, जिथे तुमची मुलं झोपलीत. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वरच्या बेडजवळ लावा आणि प्रत्येक प्रवासाच्या आधी त्याचं टेस्ट बटण दाबून बघा.